गाडीचेही खांदे शेकावे लागतात

वाचकहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. हळद-तूप लावून, हाताने चोळून, ज्या जागी वर्षभर जू बसते तिथला शीण काढतो. शिंगे रंगवणे, झूल घालणे, तोरणाखाली उभे करणे हे सारे दुसऱ्या दिवशीचे. आधी खांदा, मग शृंगार. आपल्या वाडवडिलांनी हा क्रम उगीच लावलेला नाही. ज्या अवयवावर ओझे पडते तो आधी पाहावा, शोभा नंतर, एवढे साधे शहाणपण त्यात आहे.

आता पुष्कळ घरांतून बैलजोडी गेली. कुणाकडे जुनी जीप आली, कुणाकडे पिकअप आली, कुणी शहरातून वापरलेली गाडी स्वस्तात घेतली. दसऱ्याला आपण ती धुतो, झेंडूचा हार घालतो, बोनेटवर स्वस्तिक काढतो, चाकापुढे लिंबू ठेवतो. पण या गाडीचा खांदा कुठे असतो, हे आपल्यापैकी किती जणांनी वाकून पाहिले आहे? तो असतो खाली, चिखलाने माखलेला, चाके आणि चेसिस यांच्या मध्ये. कमानी, शॉकअप, पिना, शॅकल आणि रबरी बुश, या सगळ्यांचा मिळून तो खांदा होतो. त्याच्याविषयी आज चार गोष्टी तुम्हाला सांगाव्यात असे मनात आहे.

मी मेकॅनिक नाही. काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी करणारा शेतकरी आहे. आमच्याकडे १९९६ सालची जीप आहे. ती आम्ही जुनीच घेतली होती आणि आमच्याकडेही तिला वीस वर्षे होत आली. मीटरचा आकडा तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे. मागल्या वर्षी तिचा हा सगळा खांदा नव्याने करून घेतला. त्या वेळी जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले, तेच इथे मांडतो.

कमान काय करते, शॉकअप काय करतो

आपली बंडी आठवा. तिच्या आसावर साटा थेट बसलेला असतो. चाक दगडावर चढले की तो धक्का जसाच्या तसा माणसाच्या कण्यात येतो. बैलाच्या चालीने जाताना ते सोसते, पण वेग वाढला की सोसत नाही. म्हणून टांग्याला कमानी आल्या. लंडनमधल्या ओबादाया इलियट नावाच्या घोडागाडी बनवणाऱ्या कारागिराने १८०४ साली पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर गाडी तोलून धरण्याचे पेटंट घेतले. आज आपल्या जीपखाली, मालट्रकखाली आणि बहुतेक पिकअपच्या मागच्या चाकांवर जी पाट्यांची कमान दिसते, ती त्याच घराण्यातली.

लांब पाटा वर, त्याखाली थोडा आखूड, त्याखाली आणखी आखूड, असे पाटे एकावर एक ठेवून मधोमध एका बोल्टने बांधलेले असतात. गाडीचे वजन पेलण्याचे काम या कमानीचे. धक्का बसला की ती दबते, आणि दबली की परत उसळते. इथेच शॉकअपचे काम सुरू होते. पुष्कळांना वाटते की शॉकअप गाडीचे वजन पेलतो. तसे नाही. शॉकअपमध्ये तेल असते. ते बारीक भोकातून जाताना अडते आणि त्या अडण्याने कमानीची उसळी विझते. झोक्यावरच्या पोराला आपण हात लावून थांबवतो ना, तसा तो हात. हात नसेल तर झोका हलतच राहतो. शॉकअप मेला की गाडी एका खड्ड्यासाठी चारदा डोलते, आणि त्या डोलण्यात चाक क्षणभर रस्ता सोडते. ज्या क्षणी चाक रस्त्यावर नाही, त्या क्षणी ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित. कमान चेसिसला घट्ट ठोकून बसवता येत नाही, कारण दबताना तिची लांबी वाढते. म्हणून तिचे एक टोक पिनेवर फिरते आणि दुसरे टोक शॅकल नावाच्या हलत्या कडीला लटकते. प्रत्येक पिनेभोवती बुश असतो. एका कमानीला अशी तीन ठिकाणे, म्हणजे चार कमानींना बारा. चार शॉकअपची वरची-खालची मिळून आणखी आठ. वीस ठिकाणी वीस छोटे सांधे. पाटे वर्षानुवर्षे टिकतात. झिजतात ते हे सांधे.

आपल्याकडे हे लवकर का झिजते

नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग, जुन्या क्रमांकांनी सात आणि सहा, इथे भेटतात. समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये पुढे मुंबईकडे पूर्ण झाला. मोठे रस्ते चांगले झाले, यात शंका नाही. पण आपली गाडी रात्री कुठे उभी राहते? गावात. आणि माल कुठून भरते? बागेतून. बाग आणि डांबर यांच्या मध्ये असते ती आपली पांदण.

आपली काळी माती कपाशीला माय असली तरी रस्त्याला वैरीण आहे. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता त्यामुळे वर-खाली होत राहतो. डांबर नवे असले तरी लाटा उठतात, कडा खचतात. पांदणीत तर पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात आणि दिवाळीपर्यंत त्या दगडासारख्या वाळतात. एक चाक चाकोरीत, दुसरे उंचवट्यावर, अशी गाडी चालली की सगळी पिळवट त्या वीस सांध्यांवर येते. चिखलाचे पाणी पिनेत शिरते, पुढे उन्हाळ्यात धूळ शिरते. ग्रीस आणि धूळ मिळून सहाणेवर घासावे तसे पोलाद घासत राहते.

त्यात आपला भार. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की कळमन्याच्या बाजारात पहाटे पोचायचे असते. दोन खेपांचा माल एका खेपेत बसवण्याचा मोह कुणाला होत नाही? कमान हा भार निमूट सोसते, तक्रार करत नाही. आपण म्हणतो, दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते. गाडीच्या सांध्यांचे मात्र उलटे आहे. झीज मुंगीच्या पायाने येते. ती हत्तीच्या पायाने येते ती फक्त शेवटच्या दिवशी.

सवय आणि पाहुणे

इथे मुख्य गोष्ट सांगतो. रोज गाडी चालवणाऱ्याला तिची झीज कळत नाही. हा कुणाचा दोष नाही, माणसाच्या शरीराचा स्वभाव आहे. स्टिअरिंग रोज केसभर सैल होत गेले तर हातही रोज केसभर जास्त फिरू लागतात. गाडी डावीकडे ओढू लागली की खांदा आपोआप उजवीकडे जोर देतो. काही दिवसांनी वाटते, आपली गाडी अशीच आहे. नव्या माणसाला मात्र पहिल्या मैलातच कळते.

आमच्याकडे हे दोघींनी सांगितले. थोरली मुलगी पुण्याहून आली होती. स्टँडवरून घरी येताना ती म्हणाली, "बाबा, गाडी पुलावर डोलते की हो, पाळण्यासारखी." आणि आमच्या मातोश्री, ऐंशीच्या पुढच्या. डोळे दाखवायला त्यांना नागपूरला न्यायचे होते. त्यांनी जीपमध्ये बसायला साफ नकार दिला. म्हणाल्या, "बाप्पा, मले बंडीत घेऊन चाल, पन त्या डब्यात नोको. माह्या कंबरेचे टाके उसवतात."

म्हातारे माणूस कुरकुर करते म्हणून आपण हसतो. पण त्या कंबरेइतके खरे मोजमाप दुसरे नाही. घरातले म्हातारे, गरोदर लेकीसुना, मागच्या बाकावर बसणारी शाळकरी पोरे, वर्षातून एकदा येणारा पाहुणा, हे तुमच्या गाडीचे परीक्षक समजा. ते काही बोलले तर त्या दिवशी गाडीखाली वाका.

घरच्या घरी काय पाहावे

यासाठी गॅरेजची गरज नाही. एक माणूस मदतीला आणि अर्धा तास पुरे.

गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोरीने माप घ्या, डावीकडे आणि उजवीकडे. दोन बोटांहून अधिक फरक असेल तर एका बाजूची कमान बसली आहे. बरेचदा ती ड्रायव्हरच्या बाजूची असते, कारण गाडीत दुसरे कुणी असो-नसो, ड्रायव्हर असतोच.

मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. चाके सरळ असताना दोन्हीकडे ते सारखे यायला हवे. नसेल तर कमानीचा मधला बोल्ट तुटून आस मागे सरकला असण्याचा संभव आहे. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते दिसते, चालवणाऱ्याला नाही.

चाकाला ठोकळे लावून खाली वाका आणि पाटे एकेक करून पाहा. तडा गेलेला पाटा गंजाच्या बारीक रेषेवरून ओळखू येतो. शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली माती दिसली तर तो गेला समजा. बुश पाहायला छोटी पहार घ्या. पिनेजवळ टेकवून हलका जोर द्या. रबर थोडे दबले तर हरकत नाही, पण लोखंड लोखंडावर टक्कन वाजले तर बुश संपला आहे.

पुढचे चाक जॅकने उचला आणि चेसिसखाली भक्कम घोडी किंवा लाकडी ठोकळा ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आता चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन झिजली आहे. मग डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टाय रॉडचे सांधे पाहायला हवेत.

शेवटी टायर. मधूनमधून खड्डे पडल्यासारखी झीज म्हणजे चाक रस्त्यावर नाचत आहे. एकाच कडेची झीज म्हणजे चाक तिरके चालत आहे. टायर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. वाचता आली तर पुढचे सगळे सांगते.

आमच्या जीपमध्ये यातली बहुतेक लक्षणे निघाली. एका ठराविक वेगाला पुढची चाके थरथरायची, तिला आमच्याकडे गाडी वॉबल मारते असे म्हणतात. ताशी तीसच्या वेगात ही थरथर नुसती कटकट वाटते. सुधारलेल्या रस्त्यावर सत्तरच्या वेगात तीच जीव घेते. रस्ते चांगले झाले म्हणजे जुन्या गाडीचा धोका कमी झाला असे नाही. उलट वेग वाढला, आणि वेगाबरोबर धोकाही.

विकावी की दुरुस्त करावी

घरात चर्चा झाली. धाकट्या भावाचे म्हणणे, एवढ्या जुन्या गाडीवर पैसा कशाला, मोडीत काढून नवी घ्यावी. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण नवी म्हणजे कर्ज, आणि संत्र्याच्या भावावर कर्जाचा हप्ता बांधणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसरे टोक असे की चालते तोवर चालवू, पेरणीनंतर पाहू. त्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "पैसे मागून मोजा. आधी या गाडीत कोण कोण बसते ते मोजा."

आम्ही खरेच मोजले. तोडणीला येणाऱ्या बाया, शेजारच्या दोन मुली ज्या बारावीला काटोलला जातात, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर तो आजारी माणूस. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिचा मोठाच आधार आहे. तरीही पावसाळ्याच्या रात्री पांदणीतून पहिली निघते ती गावातलीच एखादी जीप. त्या दिवशी ठरले की गाडी ठेवायची असेल तर खांदा नवा करायचा, आणि ते करायचे नसेल तर गाडी विकायची. तिसरा मार्ग नाही.

दुरुस्ती ठरवण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर करा. चेसिस तपासून घ्या. जिथे कमान लटकते त्या जागी हातोडीने हलके ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. भदभदा आला किंवा पापुद्रे पडले तर आतून गंज खाऊन गेला आहे. मेलेल्या खोडावर कलम बांधून उपयोग नाही. अशा गाडीवर नव्या कमानीचा खर्च करू नये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या कागदाची तारीखही याच वेळी पाहून घ्या.

काम कसे झाले

काम नागपूरला, कामठी रोडवरच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रीकडे केले. त्याने खाली जाऊन सगळे पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, पाटे तं चांगले हायेत. दोनच बदला लागते. पन त्याईले धरून ठेवनारे बुशच खलास झाले." मला हे वाक्य फार आवडले. मोठे शाबूत होते, धरून ठेवणारे लहान संपले होते. संसारातही बरेचदा असेच होते.

काम दोन दिवस चालले. तुम्हालाही करून घ्यायचे असेल तर पुढील गोष्टींवर लक्ष ठेवा.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तरीही काही पिना निघत नाहीत, त्या कापाव्या लागतात. म्हणून पिना, शॅकल आणि बुश यांचा पूर्ण संच आधीच आणून ठेवावा. अर्धी उघडलेली गाडी सोडून दुकानोदुकानी हिंडण्यात दिवस जातो.

कमान उघडताना पाटे शिकंजात दाबून मगच मधला बोल्ट काढतात. दाबलेल्या पाट्यांत ताकद कोंडलेली असते. बोल्ट अचानक सुटला तर पाटा उसळून माणूस जखमी होतो. हे काम घरी, अंगणात, पोरांच्या घोळक्यात करू नये.

बदल नेहमी जोडीने करावा. उजवीकडचा शॉकअप नवा आणि डावीकडचा जुना, असे केले तर गाडी वळणावर एका बाजूला झुकते. एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपल्यासारखे होते. पैसे कमी असतील तर आधी पुढची जोडी करा, मग मागची. पण डावे-उजवे तोडू नका.

यू बोल्ट जुने परत वापरू नयेत. एकदा ताणलेल्या बोल्टात पहिली पकड राहत नाही. नवे बोल्ट आडवे-उभे आलटून पालटून, सारखे आवळावेत, आणि शे-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. हे दुसऱ्यांदा आवळणे बहुतेक जण विसरतात.

आता सर्वांत महत्त्वाची बारकावी. रबरी बुशाचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चारही चाकांवर, आपल्या वजनावर उभी असली पाहिजे. चाके हवेत लटकत असताना आवळला तर रबर त्याच अवस्थेत घट्ट होते, आणि गाडी खाली आल्याबरोबर कायमचे पिळलेले राहते. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि आपण मालाला दोष देतो. मिस्त्रीने गाडी खाली उतरवली, दोन-तीनदा दाबून हलवली आणि मगच शेवटचा पाना फिरवला.

ग्रीसचेही तसेच. जिथे ग्रीस निपल आहे, पितळी किंवा लोखंडी बुश आहे, तिथे दर महिन्या-दीड महिन्याने ग्रीस द्या. पावसाळ्यात जास्त वेळा द्या, नवे ग्रीस आतला चिखल बाहेर ढकलते. पण साध्या रबरी बुशाला ग्रीस किंवा ऑइल लावू नका. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. कुरकुर थांबावी म्हणून जळके ऑइल मारण्याची रीत सगळीकडे दिसते. कुरकुर थांबते, बुशही संपतो.

दोन मोहांपासून सावध राहा. पहिला मोह, बसलेला पाटा भट्टीत लाल करून, ठोकून पुन्हा वाकवून घेण्याचा. कमानीचे पोलाद ठराविक पद्धतीने कडक करून, मग परत ठराविक उष्णतेला तापवून पाणी दिलेले असते. लोहाराच्या भट्टीत ते पाणी उतरते. पाटा दिसायला नवा होतो, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तुटतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर मुळीच करू नये. दुसरा मोह, जास्तीचा एक पाटा टाकण्याचा. कमान कडक झाली म्हणून आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक काही मोठे होत नाहीत. जास्त भार खाली दिसत नाही एवढेच, तो जातो कुठे? चेसिसमध्ये. आणि रिकामी गाडी दगडासारखी आपटते.

शेवटी पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. सांधे नवे झाल्यावर चाकांची जुनी दिशा बरोबर राहत नाही. हे न केल्यास नवे टायर एका हंगामात एका कडेने खाऊन जातात. सुटे भाग घेताना ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्या. हातात घेतल्यावर रबर कडक-भुसभुशीत वाटले, शिवणीत फुगा दिसला, तर स्वस्त म्हणून घेऊ नका. शॉकअप उभा धरून हाताने दोन-तीनदा ताणून-दाबून पाहावा. पूर्ण लांबीभर सारखा अडला पाहिजे. मध्येच मोकळा सुटला तर परत द्यावा. काढलेले जुने भागही मागून घ्या आणि घरी आणा. झिजलेली पिन नव्या पिनेशेजारी ठेवून मुलांना दाखवली की जे दहा वेळा सांगून कळत नाही ते एकदा पाहून कळते.

मिळाले काय

तुम्ही विचाराल, एवढे करून काय मिळाले? गाडी नवी झाली नाही. इंजिनाचा आवाज तोच, दरवाजा तसाच ओढून लावावा लागतो. पण काटोलहून नागपूर हे साठेक किलोमीटर आता स्टिअरिंगशी झगडत जावे लागत नाही. ब्रेक दाबला की गाडी सरळ थांबते. मागच्या क्रेटमधली खालची संत्री पूर्वीपेक्षा कमी दबतात. फळ सतत उसळत राहिले की सालीखाली मार बसतो आणि दोन दिवसांनी डाग दिसतो, हे बागायतदाराला सांगायला नको. मातोश्री नागपूरला जाऊन आल्या. येताना वाटेत झोपल्या होत्या.

खर्चात सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त लागली. पण नव्या गाडीच्या कर्जापुढे तो खर्च लहान होता, आणि मुख्य म्हणजे ज्याचा हिशेब वहीत मांडता येत नाही तो घोर गेला. रात्री कुणी दार वाजवून "भाऊ, गाडी काढता का?" म्हणाले तर आता किल्ली घेताना मनात शंका येत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. वाचकहो, गाडीच्या बाबतीत झोपा आधी करता येतो, कारण बैल जाण्याआधी बरेच दिवस इशारे देत असतो. वर्षातले दोन दिवस त्यासाठी ठरवून ठेवा. पावसाळा संपला, पांदणी वाळल्या की एक, तोडणीच्या खेपा सुरू होण्याआधी. आणि उन्हाळ्यात पेरणीच्या धांदलीआधी दुसरा. त्या दिवशी दोरी, पहार, जॅक आणि घोडी काढा. घरातल्या मुलाला आणि मुलीलाही सोबत घ्या. वर सांगितलेली मापे एका वहीत तारीख घालून लिहा. मागच्या वेळचे माप समोर असले की सवय आपल्याला फसवू शकत नाही.

ट्रॅक्टरच्या चारचाकी ट्रॉलीला कमानी असतील तर तिलाही हेच लागू आहे. तिच्यात लग्नाची वऱ्हाडे जातात, जत्रेला म्हातारी माणसे जातात. ज्याच्यात माल भरतो त्याला आपण वाहन म्हणतो, पण त्यात माणसेही बसतात हे विसरायला नको. या दसऱ्याला हार घालण्याआधी एकदा गाडीखाली वाकून पाहा. बुश फाटलेला दिसला तर हार दोन दिवस उशिरा घातला तरी चालेल.